काटा बोटभर खाली

अण्णा, गाडीचे पाइप बदलल्यापासून दाबाचा काटा पूर्वीपेक्षा बोटभर खाली थांबतो, आणि त्यावरून रोज तुमची आठवण येते. तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे नुसती सायकल होती, म्हणून आधी गाडीचं सांगते. दोनच माणसांची, जुनी गाडी आहे आणि तिच्या इंजिनावर सुपरचार्जर आहे. म्हणजे इंजिनानेच पट्ट्यावर फिरवलेला ब्लोअर, जो बाहेरची हवा ओढून सिलिंडरांकडे ढकलतो. काटा त्याच हवेचा दाब दाखवतो. तुमच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली होता तसाच, फक्त लहान आणि जास्त घाईचा. साठीच्या बाईने असली गाडी ठेवावी हे इथे नेदरलँड्समधल्या आपल्या मंडळींना पचलेलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमाला मी ती घेऊन गेले की पुण्याहून नुकती आलेली आयटीतली मुलं "काकू, ही तुमची?" असं विचारतात आणि उत्तरासाठी तुमच्या जावयाकडे बघतात. ते म्हणतात, "माझी नाही बाबांनो. मला फक्त बसू देतात."

या हिवाळ्यात मी इंजिनातून धूर बाहेर नेणारे जुने, अरुंद पाइप काढले आणि रुंद, मोकळे बसवले. काम घराच्या शेडमध्ये, तुम्ही दिलेल्या पान्यांनी केलं. तेराचा पाना अजून जरासुद्धा सैल झालेला नाही. मग आमच्या बेस्ट गावाहून महामार्गाला लागणाऱ्या रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून बघितली. या देशात घाट नाही, त्यामुळे इंजिनाची परीक्षा घ्यायची तर अशीच घ्यावी लागते. काटा वर चढला आणि नेहमीच्या जागेच्या अलीकडेच थांबला. मी काचेवर नखाने टिचकी मारली, तरी तो हलला नाही. घरी येऊन पट्टा तपासला, तो घसरत नव्हता. हवेच्या सगळ्या रबरी होजच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून आत हवा भरली, एकही बुडबुडा आला नाही. तरीही माझी खात्रीच होती की कुठेतरी गळतंय. शेवटी चिडून मी ब्लोअरसाठी लहान पुली मागवली. पुली लहान केली की ब्लोअर जास्त वेगाने फिरतो, जास्त हवा कोंबतो आणि काटा मुकाट्याने वर येतो.

पुली आली त्या दिवशी, ती बसवण्याआधी, मी गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र लावून पुन्हा त्याच रस्त्यावर गेले. इंजिनात खरोखर किती हवा जाते हे ते यंत्र सांगतं. पाइप बदलण्याआधीची नोंद माझ्याकडे होतीच. हवा वाढली होती. दाब कमी आणि हवा जास्त. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि मला तुमचा हात दिसला.

सुट्टीचा दिवस आहे, मी पाचवीत असेन. तुम्ही निळा कोट घालून ब्लोअरपाशी उभे आहात. काचेच्या वाकड्या नळीत शाईचे दोन थेंब टाकलेलं पाणी आहे, ते किती चढतं हे मोठ्याने सांगायचं काम माझं. तुम्ही ब्लोअरच्या तोंडाला लावलेला लांब, बारीक पाइप काढता आणि पाणी सर्रकन खाली येतं. मी ओरडते, "अण्णा, यंत्र बिघडलं!" तुम्ही त्या मोकळ्या तोंडावर तळहात अर्धवट धरता. पाणी परत वर. "आता बरं झालं?" "हो." "म्हणजे मी मधे हात घातला की तुला बरं वाटतं." मला तेव्हा ते कळलं नाही. तुम्ही हात काढलात, माझ्या फ्रॉकवर वाऱ्याचा झोत आला आणि तुम्ही म्हणालात, "दाब म्हणजे अडवणूक, बाळ. जी हवा निघून गेली तिचा दाब नसतो. जी अडली तिचाच असतो. नळी फक्त अडलेल्या हवेचं सांगते."

हे मी पुढे परीक्षेत लिहिलं, नोकरीत वापरलं, आणि स्वतःच्या गाडीत बसल्यावर विसरले.

तुमचा हात मात्र मला प्रयोगशाळेबाहेर जास्त ओळखीचा होता. मी मेकॅनिकल घेते म्हटलं, तुम्ही आडवे आलात. "शॉप फ्लोअरवर मुलींना कोण उभं करतं?" पिंपरीला कारखान्यात लागले तेव्हा दुसऱ्या पाळीवरून वाद, लग्नाला उशीर केला त्यावरून वाद. आपलं भांडण सुरू झालं की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि आतून म्हणायची, "झालं की सांगा, वाढते." आणि मग आम्ही नवराबायकोने नेदरलँड्सला जायचं ठरवलं. मी महिनाभर उत्तरं तयार करून आले होते. तुम्ही ताटातली भाकरी मोडत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरं. जा." एवढंच. एकही प्रश्न नाही. माझी सगळी उत्तरं तशीच राहिली. विमानतळावर तुम्ही कॅनव्हासच्या गुंडाळीतले ते पाने माझ्या हातात दिलेत. उचलताना माझं मनगट वाकलं. "वजन जास्त होत असेल तर काढून टाक," हे तुमचं तिथलं शेवटचं वाक्य. मी मेतकूट आणि लोणच्याची बरणी काढली. पुढे फोनवर तुम्ही हवापाणी विचारायचात आणि आईकडे फोन द्यायचात. मी ठरवून टाकलं की तुमचा माझ्यातला रस संपला. मला तसं ठरवायला वेळ लागत नाही, तुम्हाला माहीत आहे.

आता तुमच्या नातीचं. तुम्ही तिला रांगताना पाहिलंत. ती डेल्फ्टला शिकली, रॉटरडॅमला बंदरातल्या एका कंपनीत पक्की नोकरी करते. समुद्राचा गाळ उपसणाऱ्या जहाजांची वेळापत्रकं ऑफिसात बसून आखते. तिला त्या जहाजांवरच इंजिनं सांभाळायला जायचं आहे, एका वेळी कित्येक महिने. मी मराठीत भांडायचे, ती डचमध्ये. पक्की नोकरी, वय, जहाजावर सगळे पुरुष, माझे सगळे मुद्दे तुमचेच होते, फक्त मी ते जास्त जोरात मांडले. आणि एका रविवारी, पोह्यांवर ओलं खोबरं घालताना, मला वाटलं की पुरे. तिचं काम तिला कळतं. मी म्हणाले, "बरं. जा."

तिने चमचा खाली ठेवला. "बेन य बोस, आई?" रागावलीस का, म्हणून विचारत होती. मी नाही म्हटलं आणि खोबऱ्याची वाटी पुढे केली. ती लवकर निघाली. नंतरच्या रविवारी आलीच नाही. तुमचे जावई म्हणाले, "तुझा आवाज कमी झाला की या घरात डॉक्टरला फोन करावासा वाटतो." मग हसू आवरून त्यांनी सांगितलं, की ती त्यांना फोनवर म्हणाली, आईला आता फरक पडत नाही, तिने माझा नाद सोडून दिला. तिचं जहाज निघायला थोडेच दिवस उरले होते. ती हेच मनात धरून जाणार होती, आणि ते किती वर्षं धरून ठेवता येतं हे मला माहीत आहे.

म्हणून मी तिला बोलावून घेतलं आणि गाडीत बसवलं. महामार्गाच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दाबली. तिची नजर काट्यावर गेलीच, शेवटी इंजिनवाली आहे.

"कमी झालाय. लीक आहे?"

"नाही. सगळं तपासलं."

"बेल्ट?"

"तोही ठीक आहे."

तिने मान मागे वळवून धुराच्या पाइपांचा आवाज ऐकला. "एक्झॉस्ट बदललास तू," असं म्हणाली आणि स्वतःशीच डचमध्ये पुटपुटली, अडथळा कमी झाला. कालवा गेला, हरितगृहं गेली. मला बोलायचं होतं आणि मला ते येत नाही, हे तुमच्याकडूनच आलं आहे. शेवटी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "माझंही काही गळत नाहीये."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. तिने मराठीत, तिच्या त्या अडखळत्या उच्चारांत म्हटलं, "मग मधेमधे सांगत जा ना, आई. मला आतलं नाही दिसत."

सांगेन म्हटलं. ती गेली, त्याच्या आदल्या रात्री मी तिला फोन करून काळजी वाटते असं सरळ शब्दांत सांगितलंही. ती म्हणाली, "माहीत आहे, पण थँक यू."

काटा खाली येण्याची कारणं दोन असतात, अण्णा. हवा गळते, किंवा वाट मोकळी होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणखी एक मोजमाप हाताशी असल्याशिवाय फरक करता येत नाही. तुमच्या बाबतीत माझ्याकडे ते एकच आहे. ज्या माणसाचा रस संपला तो एवढे जड पाने उचलून रात्रीच्या एसटीने मुंबईपर्यंत आणत नाही. पुरावा म्हणून हे थोडं आहे. मी ते मानायचं ठरवलं आहे.

पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, म्हणून हे कागद पुलीच्या खोक्यात ठेवते. पुली परत करायची मुदत मी जाऊ दिली. काटा वर आणायला ती बसवणार नाही, हे नक्की. पण खोकं शेडमध्ये वरच्या फळीवर टाकायला गेले आणि हाताला येईल अशा फळीवर ठेवून आले.