कात्री होणारी चिठ्ठी

तीर्थरूप काका,

माझी कात्री कधी तयार होणार? तुमच्या पत्रात एवढा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला येत नाही. आमच्या लॅबच्या मॅडमनाही येत नाही, मी विचारून पाहिलं. असो. आधी नमस्कार (खुर्चीवरून उठून, वाकून केला, शेजारच्या टेबलावरच्या मुलीने काय पडलं म्हणून विचारलं). तुमची तब्येत बरी असेल, काकूचे गुडघे ताळ्यावर असतील आणि दुकानातलं जुनं शिलाई मशीन अजून शिव्या खाऊनच चालत असेल, असं धरून चालते. फोनवर तुम्ही माझं अर्धं वाक्य ऐकता आणि उरलेलं स्वतःच्या मनाने गिऱ्हाइकांना सांगता, म्हणून हे पत्र. (काकू, तू वाचून दाखवत असशील तर कंस गाळू नकोस.)

चूक मुळात माझी. पदवी मिळाली त्या दिवशी, घरातली पहिली पदवीधर म्हणून, तुम्ही मला कटिंगच्या टेबलावर उभं केलंत (खाली वकीलसाहेबांची पँट होती) आणि दोन शब्द बोल म्हणालात. मी दोनशे बोलले. त्यात म्हणाले की आपल्या शरीरात काही चिठ्ठ्या स्वतःच कात्री होतात आणि एक दिवस त्या माणसांचे आजार कापतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘एक दिवस’ हे दोन शब्द त्या टाळ्यांत बुडाले ते बुडालेच.

म्हणून पुन्हा सांगते, या वेळी हळू. तुमची मापांची वही कपाटात असते, कारागिराकडे जाते ती वहीतून उतरवलेली चिठ्ठी. पेशीतही तसंच. वही आत बंद आणि आरएनए नावाची चिठ्ठी कामावर. चिठ्ठीत जे लिहिलेलं असेल ते शिवलं जातं. पण काही चिठ्ठ्या नुसत्या वाचायच्या नसतात. त्या स्वतःलाच घड्या घालतात आणि त्या घडीलाच धार येते. त्यांना रायबोझाइम म्हणतात (काकू ‘रायबाचं झाकण’ म्हणते, तेही चालेल). दुसऱ्या चिठ्ठीतली नेमकी ओळ शोधायची, अक्षराला अक्षर जुळवून तिला चिकटायचं, ठरल्या जागी एकच काप घ्यायचा आणि सुटून पुढच्या चिठ्ठीकडे जायचं. विषाणूची चिठ्ठी किंवा वंशपरंपरेने आलेल्या एखाद्या आजाराची चिठ्ठी अशी कापता आली, तर ते वाईट काम शिवलंच जाणार नाही. लोक खटपट करताहेत. काही प्रयोग माणसांपर्यंत गेलेही, पण औषधाच्या दुकानात पोचलेली अशी कात्री मी तरी पाहिलेली नाही.

कारण ती फार नाजूक. आमची कात्री पाण्यात मॅग्नेशियम नसेल तर नीट कापतच नाही (पहिले आठ दिवस मी ते घालायलाच विसरले आणि वहीत ‘कात्री बोथट’ असं लिहिलं, बोथट कोण होतं ते मॅडमनी शेजारी पेन्सिलने लिहिलं). शिवाय रक्तात, घामात, आपल्या कातडीवर चिठ्ठ्या फाडणारे पदार्थ पसरलेले असतात. हव्या त्या पेशीपर्यंत पोचायच्या आत तिचे तुकडे होतात.

म्हणून हातमोजे. आणि म्हणूनच तो अंगठा. काका, मी रागावले नव्हते, खरंच. तुम्ही लॅब बघायला आलात, मी कौतुकाने ती बारकी नळी तुमच्या हातात दिली, आणि कोणतीही नवी कात्री हाती आली की करता तेच तुम्ही केलंत. नळीत अंगठा मावेना, म्हणून ती अंगठ्यावर पालथी करून चोळून पाहिलीत. “धार नाही गं,” म्हणालात. तोवर होती. सहा आठवडे खपून आणलेली होती. मॅडम म्हणाल्या, इतक्या वर्षांत धार तपासणारे हे पहिलेच पाहुणे.

आता खरं बोलते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तुमचा मोतीबिंदू काढायला सांगून सात महिने झाले, आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की घरची कात्री तयार होतेय, परक्याची कशाला. काका, मोतीबिंदू ही चिठ्ठी नाही, तो शिवून झालेला कोट आहे. शिवलेल्या कोटासमोर चिठ्ठी फाडून काय होणार? तो उसवायलाच हवा, आणि त्याची हत्यारं बाईंकडे आज तयार आहेत. वकीलसाहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, तेव्हा कोर्टात हात एकाच बाजूने हलवायचा असतो म्हणून तुम्ही वेळ मारून नेलीत. मीही हसले. पण मागच्या रविवारी तुम्ही खडूची रेघ बोटभर सोडून कापत निघालात आणि तुमचं डावं बोट कात्रीच्या वाटेत होतं. ते मी ओढून घेतलं. तुम्हाला वाटलं मी लाडात आले. माझ्या भाषणापायी तुमचे डोळे गेले, तर ही पदवी मी कोणत्या भिंतीवर लावू?

माझी कात्री निघेल त्या दिवशी ती पहिल्यांदा तुम्हालाच दाखवीन. पण बघायला डोळे हवेत. (आणि हातमोजे.)

तुमची,
झाकणवाली पुतणी

ता. क. : वरचं सगळं समजलं नाही तरी चालेल. येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊला तुम्ही दवाखान्यात यायचं आहे, एवढंच समजलं तरी पुरे. नाव मी नोंदवलं आहे, रजा मंजूर झाली आहे, काकू फितूर आहे.

आणखी ता. क. : इस्त्रीवाल्याला चोर म्हणणं आजच्या आज थांबवा आणि त्याची माफी मागा. तुमची मोठी कात्री माझ्या टेबलाच्या खणात आहे. रविवारी तुम्ही डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत होतात, तेव्हा मी ती पिशवीत घातली. डोळ्यावरची पट्टी निघेल त्या दिवशी परत मिळेल. धार अजून उत्तम आहे. अंगठ्याने तपासून पाहिली. आता पट्टी मलाही आहे.