सेन्सरला बांधलेली मटारची पिशवी

तीर्थरूप मामा,

पहिला नमस्कार मामींना, कारण त्या पत्रं वाचतात आणि तुम्ही नुसत्या चुका काढता. गुडघा कसा आहे? जिने चढून लोकांचे बॉयलर तपासणं तुम्ही सोडलंत, असं मी आईला खोटंच सांगून ठेवलं आहे.

घर गरम ठेवायला नवा कंडेन्सिंग बॉयलर बसवला. आकडेमोड सगळी माझी. भिंतींवरचे रेडिएटर मुद्दाम मोठे घेतले, म्हणजे त्यांतून नुसतं कोमट पाणी फिरलं तरी खोल्या उबदार राहतात, आणि परतणारं पाणी पुरेसं गार असलं की धुरातल्या वाफेचं आतच पाणी होऊन तिची उष्णता वाया जात नाही. (हे तुमचंच शिक्षण. मी फक्त घरच्यांना चारदा ऐकवलं, त्यातलं एकदा जेवताना.) ते पाणी नळीतून बादलीत पडतं. संध्याकाळी बादली अर्धी भरलेली दिसली की मला जो आनंद होतो तो लग्नातही झाला नव्हता, हे तुमच्या भाचेसुनेला कळू देऊ नका.

या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे आल्या. सासरे गेल्यापासून त्या एकट्या होत्या, आणि त्यांनी आता इथेच राहावं असं आम्हा दोघांना मनापासून वाटतं. पहिल्याच सकाळी त्यांनी रेडिएटरला हात लावला आणि तो बंद असल्याचं जाहीर केलं. मी थर्मामीटर दाखवला, एकवीस अंश. त्यांनी विचारलं, एकवीस काय पांघरायचे आहेत? मग उत्साहाच्या भरात मी त्यांना खिडकीबाहेरचा सेन्सर दाखवला. बाहेरचा गारठा हा बॉयलरला कळवतो, आणि गारठा वाढला की बॉयलर पाणी जास्त तापवतो, हेही सांगून बसलो.

दोन दिवसांत रेडिएटरमधलं पाणी कढत आणि बादली कोरडी. घराची भट्टी झाली, मी बनियनवर. तीन आठवडे मी सेटिंग बदलली, पंप उघडला, सेन्सर बनवणाऱ्यांना फोनवर तासभर सुनावलं. (याच काळात जेवायला रोज मटार का, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.) शेवटी शनिवारी नवा सेन्सर लावायला खिडकी उघडली, तर जुन्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी, दोरीने नीट बांधलेली. बदलीची दुसरी फ्रीजरमध्ये तयार होती.

माझा आवाज चढला. सासूबाईंनी शांतपणे बॅग भरली आणि दारात आणून ठेवली. मग म्हणाल्या, "खोली गरम असते हो, जावईबापू. पण आमच्याकडे हे आणि मी रोज सकाळी रेडिएटरवर हात ठेवून बसायचो. तुमच्या कोमटावर हात ठेवला की मी एकटीच आहे असं वाटतं."

मामा, माझ्या आकडेमोडीत हे कुठेच नव्हतं. फार वाईट वाटलं. तरी तत्त्व ते तत्त्व. पिशवी जप्त केली आहे आणि पाणी कोमटच राहील.

तुमचा (बादलीपुरता तरी) यशस्वी भाचा

ता.क. हात भाजतो म्हणून मामींनी माळ्यावर टाकलेला तो विजेवरचा जुना रेडिएटर पाठवाल का? सासूबाईंच्या खुर्चीशेजारी ठेवतो. बॅग अजून दारातच आहे, तेव्हा लवकर पाठवा.

ता.क. २. पार्सल येईपर्यंत मटार पुन्हा बांधले आहेत. गाठ मी मारली, पिशवीही दर दोन तासांनी मीच बदलतो. बादली कोरडी आहे. बॅग आत गेली.