जोर मोजायची सांडशी

९ नोव्हेंबर २००६, गुरुवार

बायकांच्या मुठीतला जोर मोजणार म्हणे! इतकी वर्षं दिग्रसात कापूस मोजला, यंदा कापूस नाही, तर आता बायका मोजा!

दीपा नावाची मुलगी आली आहे, कुठल्याशा मदत संस्थेची. पिशवीतून एक यंत्र काढलं. स्वयंपाकघरातल्या सांडशीसारखं, वर घड्याळासारखी तबकडी आणि काटा. मुठीत धरून दाबायचं, काटा जोर सांगतो. नाव डायनॅमोमीटर. शेजारच्या बिस्मिल्लाबीने एका मिनिटात त्याची सांडशी केली आणि आता सगळी गल्ली सांडशीच म्हणते.

कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यामुळे ज्यांचं काम गेलं, त्या साठीपुढच्या बायकांना मदत. पण काम कोणाचं गेलं ते कागदावर कुठे विचारलेलंच नाही, फक्त वय आणि काटा. गल्लीला एक. जिचा काटा सगळ्यांत खाली, तिला. अगदीच शून्यावर ठेवला तर ढोंग समजून बाद.

आणि मदत काय? हातगाडी! भाजी विकायला! जिच्या हातात सगळ्यांत कमी जोर, तिला ढकलायला गाडी! मी उभी राहून विचारलं, “हे कोणाच्या डोक्यातून निघालं?” दीपा म्हणाली, “मॅडम, वरून आलंय.” वरून पाऊससुद्धा धड येत नाही इथे.

११ नोव्हेंबर, शनिवार

गल्लीतली प्रत्येक बाई आजपासून अशक्त. बिस्मिल्लाबीला चहाचा कप उचलवत नाही. परवा हिनेच एका हाताने बकरा ओढत नेला होता! नवरा सरदार सायकलींचं दुकान सोडून तिला बशीतून चहा पाजतो आहे. “क्या करूं इंदुताई, हाथ में जानच नहीं रही,” म्हणाली. जीभ मात्र ठणठणीत.

मी ठणकावून सांगितलं, हे खोटं आहे, आणि खोट्याला माझा पाठिंबा नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी केली, एकही कॉल पुढेमागे लावला नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

लोणच्याच्या बरणीचं झाकण लावणाऱ्याची मूठ मोजा आधी. उघडेल तर शपथ! कंपनीला पत्र टाकणार आहे.

१५ नोव्हेंबर, बुधवार

पलीकडच्या घरातल्या मथुराबाई भिंतीवरून बोलल्या. जिनिंग तर यंदा उघडलीच नाही. कापसाची गाठोडी वाहण्यात त्यांचा जन्म गेला, दुसरं काम येत नाही. गाडी मिळाली तर राहतील, नाहीतर सुरतेला लेकाकडे. “जावंच लागन, इंदुताई. सून म्हणते या. पण कशी म्हणते ते मले आयकू येते.”

जाऊ देत. भिंतीपलीकडचा गोंगाट तरी थांबेल. सकाळी सहाला भांडी आपटतात. रोज माझ्याशी कशावरून तरी भांडतात.

सुरत! तिथे या बाईचं वऱ्हाडी कोणाला कळणार?

१६ नोव्हेंबर, गुरुवार

शिकवणी सुरू. मथुराबाईंना अशक्त व्हायला मी शिकवते आहे. परवाचं ठणकावणं बाजूला. एका बाईचा गाव सुटतो आहे. आणि फसवायचंच असेल तर नीट तरी फसवावं, बिस्मिल्लाबीसारखं गावठी नको.

अडचण अशी की त्यांना हळू दाबताच येत नाही. त्या हाताने भिंतीतला खिळा उपटतात. मी सांगितलं, शाळेत सिस्टर अग्नेस म्हणायच्या, मुलीने वस्तूला स्पर्श करावा, झडप घालू नये. मथुराबाई म्हणाल्या, “तुमच्या सिस्टरनं कापसाची गठाण उचलली होती काय?”

मग पापड. दोन तळव्यांत पापड धरायचा, दाबायचा, मोडायचा नाही. सगळे मोडले. सगळे खाल्ले. वर म्हणतात, “मीठ कमी हाये.”

१९ नोव्हेंबर, रविवार

एक पापड अख्खा राहिला! मथुराबाईंना इतका आनंद झाला की टाळी वाजवली. पापड हातातच होता.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

काय लिहू. संताप संताप झाला आहे.

समाजमंदिरासमोर अख्खी गल्ली. बिस्मिल्लाबीने डोळे फिरवून, कण्हून काटा पाचावर आणला. लोकांनी मान डोलावली, चांगलं काम केलं म्हणून.

मग मथुराबाई. मी शिकवलं तसं, अगदी तसं! बोटं सैल, खांदा पडलेला. काटा चारावर थरथरत उभा. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ती दीपा, चांगल्या मनाने हो, म्हणाली, “राहू द्या आजी. नाही जमायचं तुम्हाला.”

मथुराबाईंनी मान वर केली. “काय नाई जमाचं मले?”

संपलं. करकचून दाबलं. काटा तबकडीच्या टोकाला जाऊन आपटला! माणसं ओरडली, शिट्ट्या वाजल्या. मथुराबाईंचा चेहरा आधी फुलला आणि मग पडला. मला पाहवला नाही.

मी पुढे झाले. म्हटलं, यंत्र बिघडलं आहे. ह्या वयाच्या बाईचा काटा टोकाला जातो का कुठे? माझ्याकडे द्या, माझाही टोकाला जाईल, मग पटेल. पुन्हा पहिल्यापासून मोजा सगळ्यांना.

घेतलं आणि दाबलं.

काटा तीनवर.

आणि जो हशा उठला! “वा इंदुताई! याले म्हणते नाटक!” सरदार तर टाळ्या वाजवत होता. मी म्हटलं, मघाशी टोकाला गेला तेव्हाच आतून तुटलं असणार. दीपाने बिस्मिल्लाबीला पुन्हा दाबायला दिलं. बरोबर पाच. म्हणजे यंत्र ठीक, आणि गल्लीत सगळ्यांत खाली मी. गाडी मला! मी ओरडले, मला पेन्शन आहे! दीपा म्हणाली, “मॅडम, टेलिफोनवाल्यांना नको असं कुठे सांगितलेलं नाही. काटा बघायचा, बस.”

मथुराबाई माझ्याकडे बघत होत्या. “मले पापड धराले लावले,” हळू म्हणाल्या, “अन् गाडी सोताले.”

२२ नोव्हेंबर, बुधवार

यंत्र खोटं आहे.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सकाळी सहाला भांडी वाजली नाहीत. शांत झोप मिळायला हवी होती.

२७ नोव्हेंबर, सोमवार

गाडी आली. निळी. माझ्या दारात साखळीने बांधून गेले. मथुराबाईंना हाक मारून म्हटलं, घेऊन जा. भिंतीपलीकडून, “तुमची गाडी, तुमीच ढकला. मी सुरतेले चालली पुढच्या हप्त्यात. कायले पाह्यजे मले गाडी?”

लबाड समजतात मला. समजू देत. खुलासा कसला करायचा? मी काही केलेलंच नाही.

३ डिसेंबर, रविवार

सोलापुरी चादर धुतली, तशीच दोरीवर टाकली. पाणी वाहत मथुराबाईंच्या दारात गेलं. तणतणत आल्या - बारा दिवसांनी! “पिळून त् टाका! माह्या चुलीपर्यंत पाणी येऊन राह्यलं! काहून इतका आळस?” चादर ओढली, एक टोक माझ्या हातात कोंबलं, दुसरं स्वतः धरून पीळ घालायला लागल्या. माझं टोक सुटलं. पुन्हा दिलं. पुन्हा सुटलं.

“धरा नं, इंदुताई. पिळा.”

मी पिळतच होते.

त्या थांबल्या. बराच वेळ माझ्या हाताकडे बघितलं. मग एकट्यानेच चादर पिळली, वाळत घातली. माझ्या स्वयंपाकघरात जाऊन ती लोणच्याची बरणी उघडून ठेवली. जाताना गाडीची साखळी काढली आणि गाडी ढकलत स्वतःच्या दारात नेऊन लावली.

विचारलंसुद्धा नाही!