दारावरची टिकली

११ डिसेंबर, गुरुवार

लिहायचं टाळलं, कबूल! बारा दिवस वही पिशवीच्या तळाशी, मेंदीच्या कोनांखाली. लिहिलं की खरं होतं, म्हणून टाळलं. तर घे — रिठदचं घर सोडलं. बाबांनी मेडशीच्या नवीन नावाच्या मुलाशी माझं लग्न जमवलं. मी नाही म्हणाले तर बाबा, "तुले कोनं इचारलं?" पंचवीस तारखेला साखरपुडा. तो टळेपर्यंत कोणाला सापडायचं नाही. बावीस वर्षांची आहे, कोणी पळवून नेलेलं नाही!

लग्नांत मेंदी काढत काढत आज वाशिमला. स्टँडजवळचं लॉज. खोली नंबर इथंसुद्धा लिहीत नाही.

आल्या आल्या पडदे ओढले, दिवे बंद केले, मोबाइलच्या बत्तीनं सगळं तपासलं. आरसा, पंखा, टीव्हीचा डबा. प्लगमध्ये कोणाचा तरी विसरलेला चार्जर होता, तो काढून कपाटात टाकला. वर कोपऱ्यात काहीतरी चमकलं! खुर्चीवर चढले. कोळी! आठ डोळे, पण रेकॉर्डिंग नाही. मग त्याचं जाळं विणणं बघत अर्धा तास गेला. हां, तर — दारातून बाहेर बघायच्या भिंगावर आतून टिकली लावली. बाथरूमच्या दाराला भोक आहे, त्यालाही टिकली. दोन्ही लाल. दारं नटल्यासारखी दिसतायत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मॅनेजर उकंडराव काका पाण्याचा जग घेऊन स्वतःच्या चावीनं सरळ आत!

"काका, आधी आवाज द्या ना!"

"पोरी, पंधरा वर्षं झाले, मी असाच येऊन राह्यलो."

"मंग सोळाव्या वर्षी दार ठोकून या."

हसले. "लॉजवर आली का बँक लुटून आली वं?"

आता कडी आणि वर खुर्ची, दोन्ही. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली, पण तिच्यावर आडवं लिहिलं — फक्त या लॉजसाठी, आणि तारीख. रजिस्टरात ‘येथून कोठे जाणार’ असा रकाना आहे. ‘ठरलं नाही’ लिहिलं. काका म्हणाले, असं नाही चालत. चाललं! सिम नवीन, लोकेशन बंद. आता शोधा म्हणावं.

१४ डिसेंबर, रविवार

खोलीत किती बसणार? खालच्या मेसमध्ये गेले. पंचफुलाबाई तिथं स्वयंपाक करतात आणि सकाळी बाजारात भाजी विकतात. मेथीचा ढीग पडलेला. बसले जुड्या बांधायला. केळीच्या खोडाचं वाळकं सोपट, दोन पीळ, शेपूट आत खोचायचं. चाळीस झाल्या तरी कळलं नाही.

"सुटतच नाई वं! कोनं शिकवली ही गाठ?"

"माह्या आईनं."

जीभ चावली. पण गावाचं नाव थोडंच घेतलं?

१५ डिसेंबर, सोमवार

पंचफुलाबाई बाजारातून आल्या त्या थेट माझ्याकडे. "एक बाई माही जुडी हातात धरून बसली. घे बी ना, ठेवे बी ना. म्हने, ही गाठ कोनं बांदली?"

आई तर रिसोडच्या बाजारात भाजी घेऊन बसते, वाशिमला कायले येईल?

"मंग तुमी काय सांगतलं?"

"माह्या पोरीनं, म्हनलं. खोटं बोलली काय मी?"

त्यांना मिठीच मारली. पण काय हे! कॅमेरे शोधले, टिकल्या लावल्या, काकांना दार ठोकायला शिकवलं — आणि स्वतःच चाळीस जुड्यांवर पत्ता बांधून बाजारात धाडला! मूर्ख, मूर्ख. आईला कळलं म्हणजे बाबांना कळलंच. पिशवी भरली. उद्या सकाळच्या अकोला गाडीनं निघते.

१६ डिसेंबर, मंगळवार

गाडी माझ्याविना गेली. पिशवी खांद्यावर घेतली तेवढ्यात दार तीनदा वाजलं. "रीता, आवाज देऊन राह्यलो हां!" काकाच. तरी टिकली सोलून बघितलं. काकांच्या मागे आई. एकटी! बाबा नाहीत. काखेत कपड्यांची पिशवी. काका म्हणाले, काल बाजारातून पंचफुलाबाईंच्या मागं मागं लॉजच्या दारापर्यंत आली होती.

"तुह्या बाबाले सांगून नाई आली," एवढंच म्हणाली आणि आत येऊन पलंगावर बसली.

काकांनी दारातूनच विचारलं, "बाई, कुठं जानार लिहू?"

"ही जाईन तिथं."

मग उठून तिनंच कडी लावली. टिकली माझ्या बोटावरच होती. आईनं ती घेतली आणि भिंगावर अंगठ्यानं दाबून बसवली.