पान उलटायची जागा

९ मार्च १७८६, गुरुवार. सकाळचे साडेसात. व्हिएन्ना.
लेखणी तासत होतो. हुबर्ट मास्तरांनी नकलायला नवं काम पुढ्यात टाकलं — त्सेलिंगरसाहेबांनी रचलेलं विलापगीत, उपासाच्या दिवसांतल्या मैफिलीसाठी. प्रियकर सोडून गेलाय, बाई शोक करतेय. गाणार बुर्गी. तिच्या ओळीओळीला उत्तर देणारा, सनईसारखा फुंकायचा एक ओबो आहे. तो वाजवणार क्सावर — तिचा होणारा नवरा!
मास्तर म्हणाले, "ग्रेगोर, अक्षर तुझंच हवंय. बाईंनी तसं सांगितलंय."
बाई! हिला स्वरलिपी वाचायला मी शिकवलं. याच टेबलावर.

११ मार्च
बुर्गीची प्रत झाली. इटालियन मला अर्धंच कळतं, म्हणून एकेक अक्षर तीनदा ताडून पाहिलं. चूक नाही. 'मी तुझी वाट पाहीन' नऊ वेळा आलंय.
मी तिला एकच वर्ष थांब म्हटलं होतं, पुरा पगार सुरू होईपर्यंत. "आवाज थांबत नाही रे, म्हातारा होतो," म्हणाली. सहा आठवड्यांत क्सावर.

१३ मार्च
नकलनवीस पहिल्या दिवशी शिकतो ते हे — वाजवणाऱ्याचे हात मोकळे असतील तिथेच पान संपवायचं. ओबोला तर दोन्ही हात गुंतलेले.
क्सावरचं पान मी आज त्याच्या सर्वांत लांब तानेच्या मधोमध संपवलं. एकही स्वर चुकीचा नाही. कुणी बोट ठेवू शकणार नाही. तालमी कच्च्या कागदांवर झाल्यात. ही प्रत त्याला थेट मैफिलीत मिळेल.
अक्षर फार सुरेख आलंय.

१४ मार्च
अजून बदलता येईल. बदललं नाही.

१५ मार्च
मैफिलीत मी खांबाआड उभा. तान आली. क्सावरने एक हात सोडला, पान दोनदा निसटलं — ओबो गप्प. बाकीची वाद्यंही अडखळून थांबली. माना वळल्या. झालं, म्हटलं.
पण बुर्गीने सूर सोडला नाही. तोच सूर धरून, एकटी, त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याला जागा सापडेपर्यंत. माझ्या शेजारचा जाडा मिठाईवाला रुमालात तोंड घालून रडत होता.
थांबली. त्याच्यासाठी थांबली!

१६ मार्च
कामावरून काढतील असं धरूनच गेलो. मास्तर हसत होते. "गाढवा, नशीब तुझं. साहेब खूश आहेत. आणि पोरीने तुझीच बाजू घेतली — म्हणाली, ग्रेगोरच्या हातून चूक होतच नाही."
मास्तरांना ती बाजू वाटली.

१८ मार्च
साहेबांनी मूळ प्रतीत लाल शाईने दुरुस्ती केलीय. त्या जागी ओबो गप्प, गाणारीच्या सुरावर थांबायची खूण. सात नव्या प्रती हव्यात.
आज तिचं थांबणं सात वेळा लिहिलं. पान आता बरोबर तिथेच उलटतं.