दहावा फर्मा वाचावयास मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक ग्रंथालय, मुख्य इमारत,
दुसरा मजला, डिजिटल कक्षाशेजारी.

विषय : मी स्वतः केलेली मागणी रद्द होऊन, माझ्या पत्नीस एका कादंबरीची उरलेली अठ्ठेचाळीस पृष्ठे ई-रीडरवर वाचावयास मिळणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे तीन अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.
२) खिडकी क्रमांक चार येथे झालेले तोंडी बोलणे, एकूण सहा वेळा.

महोदय,

मी आपल्याच ग्रंथालयाच्या बांधणी विभागातून सात वर्षांपूर्वी निवृत्त झालेला कारागीर आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत अर्ज लिहायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. तरी हा अर्ज लिहिताना हात अडखळतो आहे, कारण दोष कोणाचा हे शोधत गेलो की बोट शेवटी माझ्याकडेच वळते. ते कसे, हे क्रमाने मांडतो. यात आपला बराच वेळ जाईल याची जाणीव आहे. वेळ आमच्याकडेही फारसा नाही.

१. माझी पत्नी आपल्या ग्रंथालयाची एकेचाळीस वर्षांची सभासद आहे. स्नायूंच्या आजारामुळे गेल्या वर्षापासून तिच्या हातांतले बळ गेले. पुस्तक धरले की मनगट थरथरते, आणि पान उलटेपर्यंत पुस्तक मांडीवरून खाली गेलेले असते. मी वाचून दाखवतो म्हटले, तर तिने चार दिवसांत ते बंद केले. "तुम्ही भरभर वाचता, आणि दुःखाची जागा आली की खोकता," असे तिचे म्हणणे. ते खरे आहे. तेव्हा तिला स्वतः वाचता येईल अशी काही सोय करणे माझ्याकडे आले.

२. मुलगी परगावी असते. तिने फोनवर सांगितले, "बाबा, ई-रीडर घ्या. हलका असतो, अक्षर मोठं करता येतं." मी दुकानात गेलो. विक्रेत्याने पाच यंत्रे काचेवर मांडून प्रत्येकाचे गुण सांगितले. एकाला आतून उजेड होता, एक पाण्यात पडले तरी चालणारे होते, एकात काही हजार पुस्तके मावत होती. मला एकच पुस्तक हवे होते. मी पिशवीतून साखरेची दोनशे ग्रॅमची पुडी काढली, कारण पत्नीला एका हातात तेवढेच वजन पेलते हे आम्ही घरी करून पाहिले होते. एका तळहातावर पुडी आणि दुसऱ्यावर यंत्र, अशी पाचही तोलली. जे पुडीहून हलके लागले ते घेतले. विक्रेता म्हणाला, "काका, असं कुणी निवडत नाही." चौतीस वर्षे मी पुस्तक हातात घेऊनच ओळखले आहे, दुसरी रीत मला ठाऊक नाही.

घरी आल्यावर कळले की त्या यंत्रावर फक्त त्याच कंपनीच्या दुकानातली पुस्तके उघडतात. आम्हाला हवी ती कादंबरी त्या दुकानात नाही आणि आपल्या ग्रंथालयाचे पुस्तक ते यंत्र घेत नाही. मुलीने काही फाइली पाठवल्या, मी वायर जोडली, संगणकवाल्याकडे दोन खेटे घातले. यंत्राच्या पडद्यावर फाइलीचे नाव दिसे आणि उघडायला गेले की चौकोनच चौकोन येत. वेष्टन फाडलेले असल्याने दुकानाने ते परत घेतले नाही. सध्या ते कपाटात आहे. हलके मात्र खरोखरच आहे.

३. यानंतर आपल्या ग्रंथालयाने घरपोच वाचन योजनेतून पत्नीच्या नावे ई-रीडर दिला, त्याबद्दल आम्ही उभयता मनापासून आभारी आहोत. तो पुडीहून थोडा जड आहे. म्हणून मी पुठ्ठा, कापड आणि पट्टी वापरून त्याला वेष्टन केले, खाली टेकू दिला आणि मनगटात अडकवायला फीत शिवली. त्यावर "यंत्राच्या मूळ स्वरूपात बदल केल्याबद्दल" मला आपल्या कक्षाची नोटीस आली. त्या नोटिशीचे उत्तर मी स्वतंत्रपणे दिले आहे. येथे एवढेच नमूद करतो की वेष्टन एका बाजूने सुटते, यंत्राला डिंकाचा थेंबही लागलेला नाही.

४. आता कादंबरीविषयी. येथे मला एक जुनी चूक कबूल करावी लागते. ती माझ्या सेवापुस्तकात नोंदलेली नाही.

अडतीस वर्षांपूर्वी ही कादंबरी शिवण उसवली म्हणून आमच्या विभागात आली. एकशे साठ पृष्ठे, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे, एकेक घडी घालून शिवलेला. त्याच आठवड्यात तिच्या आणखी एका फाटक्या प्रतीचे सुटे फर्मे टेबलावर पडलेले होते. मी नववा फर्मा दोनदा शिवला आणि दहावा शिवायचा राहिला. वरून पुस्तक निर्दोष दिसत होते. त्या काळी टेलिफोन केंद्रात नोकरी करणारी एक मुलगी ते घरी घेऊन गेली. गोष्ट दोन बहिणींची आहे. धाकटी भांडून घर सोडते आणि थोरली रोज संध्याकाळी दारात उभी राहते. पृष्ठ एकशे चव्वेचाळीसवर लांबून कुणीतरी येताना दिसते. पान उलटले, तर पुन्हा पृष्ठ एकशे एकोणतीस. ती मुलगी पुस्तक घेऊन थेट बांधणी विभागात आली आणि हे कोणी केले म्हणून विचारू लागली. मी हात वर केला. टेबलावरचे सुटे फर्मे तोवर रद्दीत गेले होते, तरी तुम्हाला दहावा फर्मा मिळवून देतो, असा शब्दही दिला.

तीच माझी पत्नी. दुसऱ्या शाखेतली प्रत सदा बाहेर असे, मग लग्न झाले, मुलगी झाली, आज आणतो उद्या आणतो म्हणता म्हणता ते राहूनच गेले. तिने कधी राग धरला नाही. मी काही विसरलो की एवढेच म्हणे, "तुमच्यामुळे ती थोरली अजून दारात उभी आहे." पुढे ग्रंथालयाने जुन्या प्रती काढून टाकल्या, त्या लगद्यासाठी गेल्या. छापील प्रत आता कोठेही मिळत नाही. फक्त आपल्या डिजिटल संग्रहात ती आहे, आणि ती पूर्ण आहे, हे मी यादीतला पृष्ठांचा आकडा पाहून खात्री करून घेतले.

५. ई-रीडरवर ती कादंबरी आली त्या दिवशी मी पत्नीला म्हणालो, सरळ शेवटच्या सोळा पानांवर जा. तिने ऐकले नाही. इतकी वर्षे थांबले ती शेवटावर उडी मारायला नव्हे, असे म्हणून तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. तिला दिवसाला चार पृष्ठे होतात, त्याहून जास्त डोळे आणि बोटे साथ देत नाहीत. चौदा दिवसांत छप्पन्न झाली. मुदत संपली, पण पुस्तक आपोआप तिच्याच नावे पुन्हा मिळाले. आणखी छप्पन्न झाली, एकूण एकशे बारा.

या दुसऱ्या मुदतीत माझा जीव टांगणीला लागला. अजून अठ्ठेचाळीस पृष्ठे राहणार, आणि मध्येच दुसऱ्या कुणी पुस्तक नेले तर काय, ही धास्ती. आमच्या नोकरीत कोणतीही मागणी दोन नावांनी करायची पद्धत होती, म्हणजे एक अर्ज गहाळ झाला तरी दुसरा राहतो. त्या सवयीने मी खिडकी क्रमांक चारवर गेलो आणि माझ्या सभासद क्रमांकावर त्याच कादंबरीची कागदी मागणी नोंदवून आलो. घरी येऊन पत्नीला फुशारकीने सांगितलेही.

मुदत संपताच पुस्तक तिच्या यंत्रावरून नाहीसे झाले. दुसऱ्या वाचकाची मागणी असल्यास मुदत वाढत नाही, असा नियम आहे. तो दुसरा वाचक मी. खिडकीवरच्या बाईंनी पडदा पाहून सांगितले, "काका, हे पुस्तक तुमच्या घराशिवाय कुणीच मागितलेलं नाही. तुम्ही मध्ये आला नसतात, तर ते काकूंकडेच राहिलं असतं." त्या चांगल्या बाई आहेत, त्यांनी ते लागावे म्हणून म्हटले नव्हते. मी जिन्यात बराच वेळ बसून होतो.

६. सध्याची स्थिती अशी. पुस्तक माझ्या नावे आले आहे, पण ते उघडायला माझ्याकडे यंत्र नाही. एका पत्त्यावर एकच यंत्र, आणि एका यंत्रावर एकच सभासद, असा योजनेचा नियम आहे. वाचनकक्षातल्या संगणकावर फक्त यादी दिसते. पुस्तक मुदतीआधी परत करायचे तर ते वाचकाच्या यंत्रावरूनच करावे लागते. न उघडलेले पुस्तक चौदा दिवसांनी परत जाते, परंतु ते वाचकाला मिळालेच नाही असे समजून त्याचा क्रमांक पुन्हा पहिला लावला जातो. असे दोनदा झाले, आता तिसरी पाळी चालू आहे. मागणी रद्द करावी म्हटले, तर तीही यंत्रावरूनच होते. मी कागदावर केली होती असे सांगितले, तेव्हा कळले की गेल्या महिन्यापासून पुस्तकांच्या मागणीचे कागदी अर्ज बंद झाले आहेत, त्यामुळे ते रद्द करण्याचा नमुनाही बंद झाला आहे. सभासदत्वच सोडतो म्हटले, तर नावावर पुस्तक असताना ते सोडता येत नाही. नावावर पुस्तक कायम आहे. शेजारचा शिंपी आमच्यासाठी सभासद व्हायला तयार झाला, पण त्याचा क्रमांक माझ्यामागेच लागणार. शेवटची सोळा पृष्ठे छापून द्या म्हटले, तर तशी परवानगी नाही, आणि बाईंच्या पडद्यावर तसे बटणही नाही. हे सोडवण्याचा अधिकार आपणास आहे की नाही, हे कोणालाच नक्की माहीत नाही. मात्र आपल्या नावे लिहा, असे सर्वांनी सांगितले. मी हात टेकले आहेत.

७. मागील तीन अर्ज मी शांतपणे लिहिले होते. चौथा लिहिण्याचे कारण वेगळे आहे.

डॉक्टर आधी महिन्यांत बोलत असत, आता आठवड्यांत बोलतात. पत्नीची चार पृष्ठे आता दोनवर आली असती असे मला वाटते, पण वाचायला पुस्तकच नसल्याने ते पाहता आलेले नाही. परवा सकाळी तिच्या केसांचा गुंता काढता काढता मी भीतभीत विचारले, कुणी शेवट सांगितला तर ऐकशील का? एरवी तिने मला हाकलले असते. शेवट सांगणाऱ्या पाहुण्यांशी ती वर्ष वर्ष बोललेली नाही. या वेळी ती खिडकीकडे पाहून म्हणाली, "चालेल."

महोदय, तिने नाही म्हटले असते तर मला बरे वाटले असते. मी फार घाबरलो आहे.

तरी विनंती अशी की :

(अ) माझी मागणी रद्द करून पुस्तक पत्नीच्या यंत्रावर परत द्यावे. दोन नावांनी मागणी केल्याबद्दल मला जी शिक्षा असेल ती मी भोगीन, माझे सभासदत्व कायमचे बंद केले तरी चालेल.

(ब) ते होण्यासारखे नसल्यास, आपल्या कार्यालयातील कोणीही, ज्यांना कामाच्या वेळेत ते पुस्तक पाहता येते, त्यांनी शेवटची सोळा पृष्ठे वाचून, पुढे काय होते ते आपल्या शब्दांत हाताने लिहून द्यावे. स्वतःच्या शब्दांत सांगण्यास मनाई असल्याचे मला नियमांत आढळले नाही. लांबून येते ती धाकटी आहे का, एवढे कळले तरी पुरे. शेवट वाईट असला तर तो गोड करून लिहू नये. माझी पत्नी वाचक आहे, तिला दोन ओळींत कळेल, आणि मग ती माझ्याकडे बघेल.

(क) उत्तरास उशीर झाला, तरी कृपया ते पाठवावे. तेव्हा ते ऐकायला ती नसली, तर मी ते तिच्या खोलीत बसून वाचीन. सावकाश वाचीन, आणि खोकणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
निवृत्त बांधणी कारागीर, आणि वर उल्लेखिलेला दुसरा वाचक
दिनांक : १४ सप्टेंबर

सोबत :
१. पूर्वीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.
२. डॉक्टरांचा दाखला. (पत्नीला दाखवलेला नाही. तिने पाहिला असावा.)
३. तिकीट लावलेले परतीचे पाकीट. नाव पत्नीचे घातले आहे, कोणत्याही कारणाने ते बदलू नये.
४. मूळ पुस्तकाच्या मापाचा, हाताने घडी घालून शिवलेला सोळा पानी फर्मा, एक. कागद चांगला आहे, शाई फुटत नाही. पृष्ठांचे आकडे एकशे पंचेचाळीसपासून एकशे साठपर्यंत मी घातले आहेत. बाकी सर्व कोरे आहे.