चौथी संत

८ जानेवारी, बुधवार
माझा नवरा डॉमनिक सुतारकाम करतो त्या वर्कशॉपला मोठी ऑर्डर! एका इंग्रज साहेबाला बंगल्यातला हॉल विभागायचाय — त्याच्या गावच्या जुन्या चर्चमध्ये वेदी आणि लोकांच्या मध्ये कोरीव लाकडी पडदा आहे, हुबेहूब तसाच. वर जाळी, खाली चार संत. इथे मस्कतच्या माबेल्यात आम्हीही घरातला हॉल विभागलाय — प्लायवूडने. पलीकडे भाडेकरू दयानंद. संत नव्हे, घोरतो.

वर्कशॉपचा ओमानी मालक, आमचा अर्बाब, म्हणाला, "साहेब खूश, तर व्हिसा आणखी दोन वर्षं, इन्शाल्ला." डॉमनिक साठीला टेकलाय. लेकीचं, जेसिकाचं, कॉलेज संपेपर्यंत तरी मिळायलाच हवा.

१० जानेवारी, शुक्रवार
चर्चमधून, मिस्सेहून येताना नवऱ्याने तोंड उघडलं. त्या चर्चमधल्या संतांचे चेहरे खरवडलेले आहेत! पाचशे वर्षांपूर्वी, धर्माच्या भांडणात. साहेबाला तेही तसंच हवंय. आधी चेहरा पुरता कोरायचा, मग खरवडायचा — तरच खरं वाटतं म्हणे.

"संताच्या तोंडावर पटाशी? माझ्याने नाही होणार."

"बायकोचं तोंड बंद करताना कुठे जातो हा भिडस्तपणा?"

२१ जानेवारी
चारही कोरून झाले. रोज एकच — "उद्या खरवडतो."

२३ जानेवारी
शनिवारी साहेब येणार. डॉमनिक जेवला नाही.

"खलास! मीच खरवडते. माझ्या जिभेला पंचवीस वर्षांचा सराव आहे."

हसला. मग म्हणाला, "चौथी राहू दे, इव्हॉन. ती मी बघतो."

"का? नात्यातली आहे?"

तो ताट उचलून आत गेला.

२४ जानेवारी, शुक्रवार
वर्कशॉप बंद, चावी आमच्याकडे. माफी मागत मागत तीन संत खरवडले. चौथीसमोर बसले — डोक्यावरून पदर, एक भुवई वर.

सासूबाई!

माझ्या बोंबलाच्या कालवणात वीस वर्षं खोट काढणाऱ्या. एकदा मस्कत दाखव म्हणायच्या; मी दर वर्षी "पुढच्या थंडीत". गेल्या मे महिन्यात त्याच गेल्या.

आणि आता त्यांचं तोंड, माझ्या हातात पटाशी! अशी संधी कुठल्या सुनेला मिळते?

डॉमनिक दाराशी पाठ करून उभा होता. मी पटाशी खाली ठेवली. "चल, घरी जाऊ."

२५ जानेवारी
साहेब नाराज. अर्बाब म्हणाला, "खलास." जूनमध्ये व्हिसा संपला की आम्ही परत वसईला, कायमचे.

चौथीचा पट साहेबाने नाकारला. डॉमनिकने तो चादरीत गुंडाळून घरी आणला, प्लायवूडला टेकवून ठेवला. भुवई अजून वरच.

आल्या एकदाच्या मस्कतला! बिनव्हिसाच्या — आमचा संपतोय तेव्हा.